मध्ययुग कुठे ठेवायचं?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण उत्तर कोकणचे शिलाहार पाहिले. म्हणजे राजेच पाहिले. कोण कोणानंतर गादीवर आला, कोणाची कोणाशी लढाई झाली. आज राजे थोडे बाजूला ठेवू. आजचा विषय आहे त्या काळातलं साधं जगणं, आणि ते आज एखाद्या प्रदर्शनात दाखवायचं झालं तर कुठे आणि कसं दाखवायचं हा. त्यासाठी मी तुम्हाला आधी बरंच लांब नेणार आहे, आइसलंडला. मघाशी चहा घेताना एकाने विचारलंच, "सर, आइसलंड आणि भाईंदर? मधलं सगळं जग संपलं काय?" जरा धीर धरा, संबंध आहे.

आइसलंड देश केवढा? लोकवस्ती सुमारे चार लाख. आपली मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली झाली आणि २०११च्या जनगणनेत आपण आठ लाखांवर होतो. म्हणजे तो अख्खा देश आपल्या गावात दोनदा मावेल. शेती बेताची, थंडी भयंकर, झाडं कमी. पण मध्ययुगातलं रोजचं जगणं लोकांपुढे मांडण्याच्या बाबतीत त्यांनी जे केलं आहे ते पाहिलं, की आपल्याकडे काय आहे आणि आपण त्याचं काय केलं हे नीट दिसायला लागतं. तेवढ्यासाठीच तिकडे जायचं.

रेक्याविकच्या जुन्या भागात २००१ साली एका हॉटेलच्या बांधकामासाठी खोदकाम चाललं होतं. खाली एका लांबट घराचा पाया सापडला, सुमारे २० मीटर लांब, ८ मीटर रुंद. दहाव्या शतकातलं घर. भिंती मातीसकट कापलेल्या गवताच्या ढेकळांच्या, मधोमध चूल. शेजारी एका भिंतीचा तुकडा त्याहून जुना निघाला. किती जुना? तिथे ज्वालामुखीच्या राखेचा एक थर जमिनीत सगळीकडे सापडतो. ग्रीनलंडच्या बर्फात त्याच राखेचे कण मिळाले आणि बर्फाचे वार्षिक थर मोजून त्याचं साल काढलं: इ.स. ८७१, दोन वर्षं पुढे-मागे. भिंतीचा तुकडा त्या राखेच्या खाली आहे, म्हणजे माणूस त्याआधी तिथे आलेला होता.

आता पुढचं ऐका. त्यांनी ते घर उचलून संग्रहालयात नेलं नाही. घर होतं तिथेच ठेवलं, वर छत घातलं, त्याच्यावर हॉटेलही झालं, आणि २००६ साली तळघरात प्रदर्शन उघडलं. तुम्ही पायऱ्या उतरता आणि हजार वर्षांपूर्वीच्या चुलीशेजारी उभे राहता. हॉटेलवाल्याचंही भागलं. आपल्याकडे पाया खणताना जुनं काही निघालं की आधी गोणपाट टाकतात आणि रात्रीतून काँक्रीट ओततात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे प्रमाणांच्या भाषेत बोलतो. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द. लोक म्हणतात, वस्तू बोलतात. वस्तू काही बोलत नाहीत हो! चूल ही चूल असते. ती दहाव्या शतकातली हे राखेवरून काढलेलं अनुमान. आणि त्या चुलीभोवती बसून माणसं काय बोलत असतील हे कळायला शब्द लागतो, म्हणजे कोणी तरी लिहून ठेवलेलं लागतं. आइसलंडच्या लोकांनी ते लिहून ठेवलं, तेही स्वतःच्या बोलीत. तेराव्या शतकात सगळ्या युरोपात विद्वान लोक लॅटिनमध्ये लिहीत असताना यांनी आपल्या शेतकऱ्यांची, त्यांच्या भांडणांची, लग्नांची आणि कोर्टकज्ज्यांची गद्य चरित्रं आपल्या भाषेत लिहिली. त्यांना 'सागा' म्हणतात. त्यांच्या प्रदर्शनांमध्ये वस्तू, राखेवरचं साल आणि सागा ही तिन्ही एकत्र येतात. माझ्या मते त्यांचं खरं यश तेवढंच आहे.

आता इकडे येऊ. आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत ती साष्टी. शिलाहारांच्या ताम्रपटांत तिचं नाव 'षट्षष्टी' असं येतं, म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख. भाईंदर तिच्या उत्तर टोकाला, पलीकडे खाडी आणि वसई. भांडुपला सापडलेला छित्तराजाचा १०२६चा ताम्रपट आहे. त्यात नोऊर नावाच्या गावातलं एक शेत दान दिलं आहे. ते नोऊर म्हणजे आपलं नाहूर. हो, मध्य रेल्वेवर स्टेशन आहे तेच! शेताच्या सीमा सांगताना शेजारच्या गावांची नावं येतात, राजमार्ग येतो. राजाची बिरुदावली ओळींमागून ओळी चालते आणि शेवटी त्या सीमांमध्ये खरं जग जरासं डोकावतं.

पण हे एवढंच का मिळतं? कारण आपल्याकडे काय टिकलं ते पाहा. कोकणातलं घर कुडाचं, शाकारलेलं. चार पावसाळे दुर्लक्ष करा, घर मातीला मिळतं. टिकतो तो दगड आणि तांबं. आणि तांब्यावर कोण काय लिहितं? दान लिहितं. कर्ज, भाऊबंदकी, बाळंतपण, मिठागरावरची मजुरी हे कोणी तांब्यावर लिहीत नाही. म्हणून आपल्या बहुतेक वस्तुसंग्रहालयांत मध्ययुग म्हटलं की देवांच्या मूर्ती आणि राजांची दानपत्रं. पाहणाऱ्याला वाटतं, अकराव्या शतकात या किनाऱ्यावर फक्त विष्णू, पार्वती आणि महामंडलेश्वर राहत होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी असं घरगुती वैभव भरपूर आहे आणि ते जरूर पाहावं. पण त्यातलं बहुतेक मराठेशाहीच्या काळातलं आणि नंतरचं. त्याआधीचं जगणं तिथेही फारसं भेटत नाही.

मग आपल्याकडे 'शब्द' नव्हताच का? होता, आणि चांगला दणदणीत होता. दोन ग्रंथ सांगतो.

पहिला या साष्टीचाच. 'महिकावतीची बखर'. वि. का. राजवाड्यांनी ती १९२४ साली छापून आणली. महिकावती म्हणजे केळवे-माहीम. वेगवेगळ्या काळांत लिहिलेली प्रकरणं एकत्र आलेली आहेत. त्यातला एक महत्त्वाचा भाग शके १३७०, म्हणजे १४४८ सालचा, केशवाचार्यांचा, मालाडच्या नायकोरावाच्या पुढाकाराने लिहिलेला. मालाड! बिंब राजा आला, त्याच्याबरोबर कोणती कुळं आली, कोणाला कोणतं गाव मिळालं, कोणाचं गोत्र काय, याच्या याद्याच्या याद्या. तिच्यातल्या सनावळ्यांचा घोळ मोठा आहे आणि राजवाड्यांनाही तो निस्तरताना घाम फुटला. पण आजही वसई-पालघरकडची पाचकळशी, चौकळशी समाजातली माणसं त्यात आपलं कूळ शोधतात.

आइसलंडमध्ये याचा सख्खा भाऊ आहे, 'लान्दनामाबोक'. वस्ती करायला कोण आलं, कुठल्या खाडीशी उतरलं, कुठून कुठपर्यंत जमीन धरली, मुलंबाळं कोण. चारशेहून अधिक मूळ वसाहतकारांची अशी नोंद. तिथेही माणसं त्यात आपला पूर्वज शोधतात. आता तर सगळ्या देशाच्या वंशावळी संगणकावर आहेत. आणि त्या पुस्तकात आणखी एक गोष्ट लपवलेली नाही: बरोबर गुलाम आणले होते, पुष्कळसे आयर्लंडमधले. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतूनही दिसलं की त्यांचे मूळ पुरुष बहुतेक नॉर्वेकडचे आणि मूळ बायका मोठ्या संख्येने आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या. त्या बायका सगळ्याच काही स्वखुशीने बोटीत बसल्या नसणार. आपल्या बखरीत कुळांच्या याद्या आहेत. त्या कुळांच्या आधी इथे जे होते, खाडीवर मासे मारणारे, रानात राहणारे, त्यांची गावं कोणी कोणाला वाटली? बखर वाचताना हा प्रश्न मी तरी मनातून काढू शकत नाही.

दुसरा ग्रंथ 'लीळाचरित्र'. तुम्ही सगळ्यांनी नाव ऐकलंय, शाळेत एखादा उताराही असेल. आता जरा तारखा जुळवून बघा. आइसलंडच्या लोकांनी नॉर्वेच्या राजाचं स्वामित्व मानलं ते १२६२ ते १२६४ या वर्षांत. इथे उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार सोमेश्वर यादवांच्या महादेवाशी लढताना समुद्रात बुडाला तो १२६५च्या सुमारास. तिकडे जुन्या देवांच्या कवितांची मुख्य पोथी, 'कोडेक्स रेगियस', लिहिली गेली ती १२७०च्या आसपास. आणि म्हाइंभटांनी रिद्धपूरला बसून चक्रधरांच्या आठवणी जुळवल्या त्या साधारण १२७८मध्ये. यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण जगाच्या दोन टोकांना, एकाच पिढीत, माणसं बोलीभाषेत आठवणी लिहून काढतात हे मला विलक्षण वाटतं.

म्हाइंभटांची पद्धत तर आजच्या संशोधकाला लाजवील. ज्याने ती गोष्ट पाहिली, ऐकली, त्याच्याकडे जायचं आणि विचारायचं. त्यामुळे लीळाचरित्रात काय काय सापडतं! कोण कोणत्या देवळात उतरलं, बाइसांनी काय रांधलं, भिक्षेला गेल्यावर काय झालं, महदाइसा प्रश्न विचारून कशा पिच्छा पुरवतात. तेराव्या शतकातल्या मराठी बाईचं बोलणं तुम्हाला दुसरीकडे इतकं कुठे ऐकायला मिळेल? देवगिरीच्या राज्यातलं रस्त्यावरचं, घरातलं, मठातलं जगणं त्यात ओतप्रोत आहे.

आणि दोन्हीकडच्या पोथ्यांनी सोसलेलंही सारखंच. तिकडे वासराच्या कातड्यावर लिहीत. (कपाळाला आठ्या घालू नका, त्यांच्याकडे ताड नाही.) 'फ्लातेयारबोक' या एका पोथीला ११३ वासरं लागली. पुढे दारिद्र्य आलं तेव्हा जुन्या पोथ्यांची पानं कापून शिंप्याने बेतायला वापरली, एकदा तर बिशपच्या टोपीला आतून ताठपणा यावा म्हणून पान घातलं. आर्नी माग्नुसोन नावाच्या गृहस्थाने घरोघर फिरून हे तुकडे गोळा केले आणि कोपनहेगनला नेले; १७२८च्या आगीत त्याच्या संग्रहातलं बरंच जळालं. उरलेलं परत मिळावं म्हणून आइसलंडने कित्येक वर्षं डेन्मार्कशी भांडण केलं. २१ एप्रिल १९७१ला पहिल्या दोन पोथ्या जहाजाने परत आल्या तेव्हा धक्क्यावर लोकांची ही गर्दी! पोथीसाठी. आपल्याकडे लीळाचरित्राची मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत गेली आणि अनुयायांनी स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले. मग महानुभावांनी ग्रंथ सांकेतिक लिपींत बंद करून ठेवले, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. ती लिपी उलगडून हे वाङ्मय बाहेर आणण्यात राजवाडे होते, आणि आपल्या ठाण्याचे वि. ल. भावे होते. भाव्यांनी १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, ते आजही चालू आहे. लोकलने जाता येईल, दादरला गाडी बदलून. किंवा घोडबंदरवरून बसने, वाहतुकीची कृपा असेल तर.

म्हणजे शब्द आहे. वस्तू आहे. पण दोन्ही कधी एकमेकांना भेटत नाहीत. ग्रंथ मराठी विभागात, दगड पुरातत्त्व विभागात, आणि ती जागा बिल्डरकडे.

आता मी ज्या दोन दगडांसाठी हे सगळं बोलतोय त्यांच्याकडे येतो. एक गधेगाळ. उत्तर कोकणात हे पुष्कळ सापडतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख, आणि खाली एक गाढव आणि एक बाई. काय ते मी उघड सांगतो, आपण सगळे मोठे आहोत: जो हे दान मोडील त्याच्या आईला गाढव लागो, अशी ती शिवी आहे, चित्रात काढलेली. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावी म्हणून. दान मोडणार पुरुष. अधिकारी असेल, भाऊबंद असेल. आणि शिक्षा कोणाला? ज्या बाईने काहीच केलं नाही तिला. सूर्य-चंद्र असेपर्यंत. दान चालावं म्हणून राजसत्तेने दगडावर कोरलेली ही नीती.

फक्त आपणच असे असं समजू नका. आइसलंडच्या सागांत एगिल नावाचा कवी आहे. राजा-राणीवर संतापून तो काठीवर घोड्याचं मुंडकं रोवतो आणि शाप देतो. तिथल्या कायद्यात तर काही लैंगिक शिव्या अशा होत्या की त्या दिल्याबद्दल समोरच्याला ठार मारायची मुभा होती. 'तू पुरुष नाहीस, बाई आहेस' या धर्तीच्या. तिथेही अपमान करायचा तर हत्यार म्हणून बाईच. बोर्गारनेस नावाच्या गावात एगिलच्या कथेवर कायमचं प्रदर्शन आहे आणि शाळेची पोरं ते पाहतात.

आपल्याकडे गधेगाळ प्रदर्शनात असलाच तर खालची चिठ्ठी एका ओळीची असते: शिलालेख, अमुक शतक. मुलांनी विचारलं तर शिक्षक पुढच्या मूर्तीकडे नेतात. माझं म्हणणं, लपवू नका. दहावीच्या मुलामुलींना नीट सांगता येतं की शिवी म्हणजे काय, ती कोणाच्या अंगावर पडते, आणि तुमच्या तोंडी आज ज्या आहेत त्या कुठून आल्या. मध्ययुगातलं जगणं दाखवायचं तर हे त्यातच आलं. आणि यातली सगळ्यात नवलाची गोष्ट पुढेच आहे. लेख वाचता येईनासा झाल्यावर काही गावांनी याच दगडांना शेंदूर लावला आणि देवी म्हणून पुजायला लागले. राजाने जिची विटंबना कोरली तिची गावाने ओटी भरली. अर्थ न कळून केलं असेल, तरी मला राजापेक्षा त्या गावाची बाजू बरी वाटते.

म्हणून तर प्रश्न अवघड होतो. असा दगड उचलून मुंबईच्या संग्रहालयात न्यावा का? नेला तर ऊन-पावसापासून वाचेल. पण शेंदूर खरवडावा लागेल आणि गेल्या कित्येक शतकांचा इतिहास त्याबरोबर जाईल. परळला १९३१ साली रस्त्याच्या कामात शिवाची ती प्रचंड शिळा सापडली, तेव्हा काय झालं? मूळ शिळा परळच्या बारादेवी मंदिरात पूजेत राहिली आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तिची हुबेहूब प्रतिकृती ठेवली. दोन्ही पक्षांचं समाधान झालं. ही वाट आपल्याला नव्वद वर्षांपूर्वीच सापडलेली आहे.

दुसरा दगड म्हणजे एकसरचे वीरगळ. इथून दहिसर ओलांडलं की बोरिवली पश्चिमेला एकसर. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये तिथल्या सहा वीरगळांचं वर्णन आहे. माणसापेक्षा उंच शिळा, चौकटी खालून वर वाचायच्या: खाली लढाई, वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवपूजा, माथ्यावर कलश. वीरगळ महाराष्ट्रात गावोगाव आहेत, पण बहुतेकांवर घोडे आणि तलवारी. इथल्या काहींवर गलबतं आहेत! उंच नाळेची लढाऊ गलबतं, वल्ह्यांच्या रांगा, पाण्यातलं युद्ध. सोमेश्वर आणि महादेव यांच्या त्या १२६५च्या सुमाराच्या लढाईची ही आठवण असावी असं पुष्कळ अभ्यासक मानतात, काही जण त्याहून आधीची मानतात. राजाचं नाव इतिहासात राहिलं. ज्यांच्यासाठी हे दगड उभे केले त्या माणसांची नावं नाहीत. ते इथलेच दर्यावर्दी असतील, साष्टीचे. उत्तनच्या, गोराईच्या आजच्या होड्या ज्या पाण्यात जातात त्याच पाण्यात वल्ही मारणारे.

मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाच्या पुढाकाराने अलीकडे साष्टीचं गाववार सर्वेक्षण झालं, तरुण मुलंमुली गल्लीबोळांतून फिरली, ही फार चांगली गोष्ट. पण एकसरच्या त्या दगडांवर पाऊस पडतोच आहे. मऊ होत चाललेल्या गलबतांची वल्ही दरवर्षी थोडी पुसट होतात.

माझी मागणी फार मोठी नाही. तिथून एकही दगड हलवू नये. पूजा चालते ती चालू द्यावी. वर एक साधं, उंच छप्पर घालावं. शेजारी एक खोली, फार तर वीस बाय वीसची. तिच्यात या शिळांच्या प्रतिकृती, खालच्या चौकटी डोळ्यांच्या पातळीवर येतील अशा; भिंतीवर भांडुपच्या ताम्रपटातल्या सीमांचा आजच्या लोकलच्या नकाशावर काढलेला नकाशा; महिकावतीच्या बखरीतल्या साष्टीच्या गावांची यादी; एक गधेगाळ, खरी चिठ्ठी लावून; आणि लीळाचरित्रातले दोन-तीन प्रसंग ऐकू येतील अशी सोय, म्हणजे त्या काळी मराठी माणूस बोलत कसा होता ते कानावर पडेल. आणि उत्तनच्या एखाद्या जुन्या नाखव्याला बोलवावं. त्या गलबतांच्या नाळेबद्दल, वल्ह्यांबद्दल तो जे सांगेल ते आमच्यासारख्या पदवीधरांना सांगता यायचं नाही. खर्च? आपल्या शहरातल्या एका कमानीइतका. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय आणि आइसलंडचं राष्ट्रीय संग्रहालय, दोन्ही एकाच वर्षी निघाली, १८६३ला. सुरुवात उशिरा झाली अशी सबब आपल्याला नाही.

प्रश्नोत्तरांआधी एक सूचना. ज्यांना एकसरला जायचं आहे त्यांनी सकाळी लवकर जा, ऊन तिरकं असताना. दुपारी कोरीव काम सपाट दिसतं आणि गलबतं सापडत नाहीत. दगडावर हार, शेंदूर असेल तर हात लावू नका, पाणी ओतून पुसू नका, आणि खडूने रेषा गिरवून फोटो तर मुळीच काढू नका. तिथल्या लोकांना विचारा, ते दाखवतात. हं, आता विचारा.